एक 'एल', दोन 'एल' : एर्नेस्ट विलिमोव्स्कीचं प्रकरण

पोलंडच्या नोंदवहीत त्याच्या आडनावात एकच 'एल' आहे. जर्मनीच्या नोंदवहीत दोन. पहिल्या वहीत फुटबॉलपटू एर्नेस्ट विलिमोव्स्की, २२ आंतरराष्ट्रीय सामने, २१ गोल. दुसऱ्या वहीत एर्न्स्ट विल्लिमोव्स्की, ८ सामने, १३ गोल. माणूस एकच, पाय तेच. बेरीज केली तर ३० सामन्यांत ३४ गोल होतात, पण ही बेरीज दोन्हीकडे कुणी मनापासून करत नाही.

पोलिश स्ट्रायकर म्हटलं की आज आपल्या तोंडी पहिलं नाव लेवांडोव्स्कीचं येतं, आणि ते रास्तच आहे. २२ सप्टेंबर २०१५ ला वोल्फ्सबुर्गविरुद्ध मध्यंतरानंतर मैदानात उतरून त्याने नऊ मिनिटांत पाच गोल मारले, तेव्हा बाजूला उभ्या असलेल्या बायर्नच्या प्रशिक्षक ग्वार्डिओलाने डोक्याला हात लावला होता. हा लेवांडोव्स्की २०१० ते २०२२ अशी बारा वर्षं जर्मनीत खेळला, आधी डॉर्टमुंडकडून आणि मग बायर्नकडून. त्याला पोलंडमध्ये कुणी गद्दार म्हटलं नाही. पोटासाठी, नावासाठी परक्या देशातल्या क्लबात जावं आणि देशाची जर्सी मात्र आपलीच घालावी, असा अलिखित करार आहे. विलिमोव्स्कीने तो मोडला, आणि तोही अशा वेळी की ज्या देशाची जर्सी त्याने घातली, त्या देशाने त्याच्या आधीच्या देशाचं अस्तित्वच पुसून टाकलं होतं.

एवढं वाचून निकाल लावणं सोपं आहे. मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा लावला होता. पुढे तपशील जमत गेले तसा तो डगमगला. पूर्ण उलटला असं मात्र म्हणणार नाही.

घर तिथेच, देश दुसरा

त्याचा जन्म २३ जून १९१६ चा. गाव कातोवित्से, पण त्या दिवशी नकाशावर ते कात्तोवित्स होतं आणि जर्मन साम्राज्यात होतं. वरच्या सिलेसियाचा हा पट्टा कोळशाच्या खाणींचा आणि लोखंडाच्या भट्ट्यांचा. जन्मनाव एर्न्स्ट ओटो प्रांडेला. बाप पहिल्या महायुद्धात गेला. आई पाउलिना हिने पुढे दुसरं लग्न केलं आणि सावत्र वडिलांचं आडनाव मुलाला मिळालं. म्हणजे ज्या पोलिश वळणाच्या आडनावावरून पुढे एवढा वाद झाला, ते मुळात त्याचं नव्हतंच.

२० मार्च १९२१ ला या प्रदेशात सार्वमत झालं. एकूण मतांत साधारण ६० टक्के जर्मनीच्या बाजूने, ४० टक्के पोलंडच्या. पण हे आकडे सगळीकडे सारखे विखुरलेले नव्हते. कातोवित्से शहराने मोठ्या संख्येने जर्मनीला मत दिलं, तर भोवतालच्या बऱ्याच गावांचा कल पोलंडकडे होता. त्यानंतर पोलिश बाजूच्या लोकांचा तिसरा उठाव झाला, राष्ट्रसंघाने रेघ ओढली आणि जून १९२२ मध्ये कातोवित्से पोलंडमध्ये गेलं. एर्न्स्ट सहा वर्षांचा होता. अंथरुणातून न उठता त्याचा देश बदलला.

घरात जर्मन, गल्लीत सिलेसियन बोली, शासनदरबारी पोलिश. ती बोली पोलिश अंगाची, पण तिच्यात जर्मन शब्द असे मिसळलेले की वॉर्सातला माणूस ऐकून कपाळाला आठी घालणार. विलिमोव्स्की स्वतःला 'वरच्या सिलेसियाचा' म्हणवायचा. पोलिशही नाही, जर्मनही नाही. आपल्याला हे उत्तर पळवाटीसारखं वाटू शकतं. त्या पट्ट्यातल्या हजारो कुटुंबांसाठी ती वस्तुस्थिती होती.

१९२२ च्या जिनिव्हा करारामुळे तिथल्या जर्मन अल्पसंख्याकांना पंधरा वर्षांसाठी शाळा, वर्तमानपत्रं, संस्था चालवायची मोकळीक होती. १. एफसी कातोवित्से हा त्यातलाच क्लब, १९०५ साली स्थापन झालेला. १९२७ च्या पहिल्यावहिल्या पोलिश लीगमध्ये तो दुसरा आला, क्राकूवच्या विस्वाच्या मागे. पोरगा तिथेच घडला.

१९३४ मध्ये मात्र तो उठून रुखमध्ये गेला. रुख हा शेजारच्या व्येल्क्ये हाइदुकीचा क्लब, १९२० चा, सार्वमताच्या धामधुमीत पोलिश बाजूने उभा राहिलेला. कातोवित्सेच्या जर्मन क्लबातला जर्मन घरातला पोरगा या क्लबात गेला, याचा अर्थ आज आपल्याला पटकन लागत नाही. निष्ठेचा हिशेब मांडायचाच असेल, तर त्याने पहिली भिंत ओलांडली ती पोलंडच्या दिशेने. हा तपशील त्याच्यावर रागावलेले लोक सहसा सांगत नाहीत.

डावीकडचा आतला

त्या काळी पाच जण पुढे खेळायचे. पेटेरेक मधोमध, वोदाश डाव्या कडेला, आणि त्या दोघांच्या मध्ये विलिमोव्स्की, म्हणजे इनसाइड लेफ्ट. आजच्या भाषेत तो नऊ नंबरही नव्हता आणि दहा नंबरही नव्हता, दोन्हींच्या मधला काहीतरी होता. या तिघांनी रुखला लीग जिंकून द्यायची सवयच लावली. १९३४, १९३५, १९३६, मग १९३८.

त्याच्या उजव्या पायाला सहा बोटं होती. प्रत्येक लेखात हे येतं, म्हणून मीही सांगून टाकतो. पण सहाव्या बोटाने गोल होत नाहीत. त्याचं खरं भांडवल होतं ते चेंडू पायाला चिकटवून बचावपटूंच्या गर्दीतून निघण्याचं, आणि गोलकीपरसमोर आल्यावर घाई न करण्याचं. पोलिश लीगमध्ये ८६ सामन्यांत ११२ गोल, ही सरासरी कुठल्याही काळात आणि कुठल्याही लीगमध्ये वेड लावणारी आहे. २१ मे १९३९ ला वूच शहराच्या युनियन टूरिंगला रुखने १२-१ ने धुतलं. त्यातले दहा गोल एकट्याचे.

शिस्तीच्या नावाने मात्र आनंद. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या आधी दारूच्या भानगडीत त्याच्यावर बंदी आली आणि संघ त्याच्याशिवाय गेला. पोलंड चौथा आला, पदक थोडक्यात हुकलं. तो असता तर काय, हा प्रश्न पोलिश लोक अजून विचारतात. मला त्याहून मजेशीर वाटतं ते हे, की हिटलरच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये पोलंडची जर्सी घालायची संधी त्याने बाटलीपायी घालवली, आणि सहा वर्षांनी त्याच स्टेडियममध्ये तो जर्मन कपच्या अंतिम सामन्यात गोल मारत होता.

स्ट्रासबर्ग, ५ जून १९३८

पोलंडची ही पहिली विश्वचषक स्पर्धा. पात्रता फेरीत युगोस्लाव्हियाला वॉर्सात ४-० ने हरवून ते इथवर आले होते. स्पर्धा पहिल्या सामन्यापासून बाद पद्धतीची, म्हणजे हरलात की गाडी पकडा. समोर ब्राझील.

सामन्याचं ठिकाण स्ट्रासबर्ग. हे शहर १८७१ मध्ये जर्मनीकडे गेलं, १९१८ नंतर फ्रान्सकडे आलं आणि सामन्यानंतर दोनच वर्षांनी पुन्हा जर्मनांच्या हातात पडणार होतं. कातोवित्सेच्या पोराला यापेक्षा ओळखीचं गाव युरोपात सापडलं नसतं.

पोलंडची पुढची पाच जणांची फळी बघा. प्येत्स, पिओंतेक, शेर्फ्के, विलिमोव्स्की, वोदाश. यातले चार सिलेसियाचे, आणि पाचवा शेर्फ्के हा पोझ्नानचा, जर्मन घरातला. वॉर्सा किंवा क्राकूवच्या क्लबातला एकही नाही. पोलंडने विश्वचषकात पहिलं पाऊल टाकलं ते सीमेवरच्या माणसांच्या पायांनी.

१८ व्या मिनिटाला लिओनिदासने ब्राझीलला पुढे नेलं. २३ व्या मिनिटाला विलिमोव्स्कीला पाडल्याबद्दल पेनल्टी मिळाली आणि ती शेर्फ्केने मारली. विश्वचषकातला पोलंडचा पहिला गोल तो. पण मध्यंतराला ब्राझील ३-१ ने पुढे होता आणि सामना संपल्यात जमा होता.

मग पाऊस आला, मैदानात चिखल झाला. ५३ व्या मिनिटाला विलिमोव्स्की. ५९ व्या मिनिटाला पुन्हा विलिमोव्स्की, ३-३. ७१ व्या मिनिटाला पेरासिओने ब्राझीलला परत आघाडी दिली. पंचाने घड्याळ बघायला घ्यावं अशा वेळी, ८९ व्या मिनिटाला, परत तोच. ४-४. जादा वेळेत लिओनिदासने दोन मारले, ९३ आणि १०४ व्या मिनिटाला, म्हणजे त्याची हॅट्‌ट्रिक झाली. ११८ व्या मिनिटाला विलिमोव्स्कीचा चौथा. ६-५. पुढचा गोल झालाच नाही आणि पोलंड घरी गेला.

विश्वचषकाच्या एका सामन्यात चार गोल मारणारा तो पहिला खेळाडू. पुढे आदेमिर, कोचिस, फाँतेन, युसेबिओ, बुत्रागेनो यांनी चार मारले, सालेंकोने पाच मारले, पण त्या सगळ्यांचे संघ जिंकले. चार मारून हरलेला विलिमोव्स्की एकटाच. लिओनिदास त्या स्पर्धेत सात गोलांसह पहिला आला आणि ब्राझील तिसरा. विलिमोव्स्की एकच सामना खेळला. वय एकवीस. विश्वचषकात तो पुन्हा कधी दिसला नाही.

शेवटचा रविवार

२७ ऑगस्ट १९३९. चारच दिवसांपूर्वी मॉस्कोत जर्मनी आणि सोव्हिएत संघाचा करार झालेला. वॉर्सात लोक राखीव सैन्याच्या बोलावण्याची वाट बघत होते. अशात पोलंड आणि हंगेरी यांचा मैत्रीपूर्ण सामना ठरल्याप्रमाणे झाला. हंगेरी म्हणजे १९३८ चा उपविजेता. त्यांनी २-० अशी आघाडी घेतली आणि तरीही पोलंड ४-२ ने जिंकला. तीन गोल विलिमोव्स्कीचे, एक पेनल्टी पिओंतेकची.

पाच दिवसांनी युद्ध सुरू झालं. लीग अर्धवट राहिली तेव्हा रुख अव्वल होता आणि विलिमोव्स्कीच्या नावावर त्या हंगामात २६ गोल होते. ४ सप्टेंबरला जर्मन सैन्य कातोवित्सेत होतं. त्याच्या घराने दुसऱ्यांदा देश बदलला. तो तेवीस वर्षांचा होता.

यादी

इथून पुढचा भाग समजून घेताना एक फरक डोक्यात पक्का हवा. जर्मनांनी व्यापलेल्या पोलंडचे दोन तुकडे झाले होते. वॉर्सा, क्राकूव वगैरे भाग 'जनरल गव्हर्नमेंट' म्हणून वेगळा काढला. तिथे पोलिश माणसाला संघटित खेळालाच बंदी होती. क्राकूवमध्ये लोक चोरून सामने भरवायचे. संघाचा निवडकर्ता युझेफ कावूझा क्राकूवचाच. जर्मनांनी फुटबॉल चालवायला मदत मागितली तेव्हा त्याने नाही म्हटलं, आणि १९४४ मध्ये तो आजारपणात गेला.

सिलेसिया मात्र थेट राइखमध्ये, म्हणजे जर्मन राज्यात, जोडून घेतला गेला. तिथे फुटबॉल चालू राहिला, फक्त पाट्या बदलल्या. रुखचा 'बिस्मार्कह्युटर एसव्ही ९९' झाला. लिपिनीचा नाप्शूद हा क्लब 'टुस लिपिने' झाला. खेळाडू बहुतेक तेच.

डिसेंबर १९३९ मध्ये पोलिसांनी घरोघर नोंदणी केली. बोटाचा ठसा घ्यायचे म्हणून लोक तिला 'पाल्त्सूफ्का' म्हणत. 'पालेत्स' म्हणजे बोट. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात काय लिहायचं? 'पोलिश' लिहिलं तर नोकरी, घर, कदाचित गावही सुटणार. कातोवित्सेचे बिशप आदाम्स्की यांनीच लोकांना जर्मन लिहून जीव वाचवायचा सल्ला दिला होता, आणि प्रचंड बहुसंख्येने लोकांनी तसं लिहिलं. मार्च १९४१ पासून 'फोल्क्सलिस्ट', म्हणजे जर्मन लोकांची यादी आली, चार गटांची. पहिल्या गटात कट्टर जर्मन, शेवटच्या गटात 'बिघडलेले' जर्मन. तिसऱ्या गटातल्यांना नागरिकत्व मिळालं आणि त्याबरोबर सैन्याची भरतीही.

तेव्हा 'विलिमोव्स्कीने जर्मन यादीत नाव घातलं' हा आरोप म्हणून काही कामाचा नाही. ते त्याच्या गल्लीने घातलं, चर्चने सुचवलं. शिवाय त्याची आई जर्मन होती. त्याला त्यासाठी खोटं बोलायचीही गरज नव्हती.

आरोप करायचाच असेल तर तो पुढच्या पायरीवर करावा लागतो.

पुढची पायरी

१९४० मध्ये तो कातोवित्से सोडून सॅक्सनीत केम्निट्झला गेला, पोलिसांच्या स्पोर्ट क्लबात. १ जून १९४१ ला बुखारेस्टमध्ये रोमानियाविरुद्ध जर्मनीकडून पहिला सामना खेळला. ४-१, त्यात दोन गोल त्याचे. प्रशिक्षक सेप हेर्बेर्गर, तोच जो पुढे १९५४ ला पश्चिम जर्मनीला विश्वविजेतं करणार होता.

तारीख लक्षात ठेवा, कारण साधारण महिन्याभराने, ३ जुलै १९४१ ला, आउश्वित्झच्या छळछावणीत आंतोनी विकोला गोळ्या घातल्या. विको क्राकूवच्या विस्वाचा फॉरवर्ड, १९३८ च्या विश्वचषकासाठी निवडलेल्या २२ जणांतला. छातीवर गरुडाचं चिन्ह घेऊन एकाच यादीत असलेली दोन माणसं. एक छातीवर दुसराच गरुड लावून गोल मारत होता, दुसरा भिंतीसमोर उभा होता. आउश्वित्झ कातोवित्सेपासून तीसेक किलोमीटरवर आहे. पोलंडचा राग कुठून आला हे समजायला मला यापलीकडे दुसरं काही लागत नाही.

आता दुसरी बाजू. त्याच्यासमोर काय काय पर्याय होते? क्राकूव-वॉर्साकडे निघून जाऊन 'मी पोलिश' म्हणायचं आणि विकोच्या वाट्याला जे आलं त्याची शक्यता स्वीकारायची. सिलेसियातच राहून बिस्मार्कह्युटरकडून खेळत राहायचं आणि भरतीचा कागद येण्याची वाट बघायची. त्याचे बरेच जुने साथीदार याच वाटेने गेले. किंवा राइखच्या आतल्या क्लबात जायचं, राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचायचं. तिथे एक फायदा होता ज्याची चर्चा कमी होते. हेर्बेर्गर आपल्या खेळाडूंना आघाडीवरून दूर ठेवायची खटपट करायचा. शिबिराचं बोलावणं म्हणजे तेवढे आठवडे जिवंत राहायची हमी. ती जर्सी अभिमानाची होती की ढाल होती? मला वाटतं, त्याला खेळायचं होतं आणि जगायचं होतं, आणि त्या क्षणी दोन्ही एकाच कपड्यात मिळत होतं. यात शौर्य नाही. दगाबाजीचा डावही दिसत नाही. त्याने पोलंडविरुद्ध एक सामना खेळला नाही, कारण खेळायला पोलंडच शिल्लक नव्हता.

ऑस्ट्रियाचा फुटबॉलपटू सिंडेलार आठवून कुणी म्हणेल, जर्मनीने ऑस्ट्रिया गिळल्यावर त्याने जर्मन जर्सी नाकारलीच ना? हो. पण तो पस्तिशीचा, कारकीर्दीच्या शेवटाला आलेला होता, आणि ऑस्ट्रियाशिवाय दुसऱ्या कुठल्या देशाकडून खेळला नव्हता. विलिमोव्स्कीचं तसं नव्हतं. पुढे कुबाला तीन देशांकडून खेळला, पुश्काश दोन, डी स्टेफानोही एकाहून अधिक. त्यांना कुणी एवढा हिशेब मागितला नाही, कारण त्यांच्या नव्या देशाने जुन्या देशावर रणगाडे घातले नव्हते. जर्सी बदलणं त्या काळच्या फुटबॉलमध्ये चालून जात होतं. यावेळी तिचा रंग नडला.

खेळ म्हणाल तर तो ऐन भरात होता. १९४२ मध्ये तो १८६० म्युनिककडे आला. जर्मन कपला तेव्हा राइखच्या क्रीडाप्रमुखाच्या नावाने 'चामर पोकाल' म्हणत. उपांत्य फेरीत म्युनिकने ज्या संघाला ६-० ने हरवलं तो लिपिनेचा होता, म्हणजे स्ट्रासबर्गमध्ये त्याच्यासोबत उजव्या कडेला खेळलेल्या प्येत्सच्या क्लबचा. अंतिम सामना १५ नोव्हेंबर १९४२, बर्लिन, शाल्कं विरुद्ध. २-० मधला पहिला गोल विलिमोव्स्कीचा. त्याच्या महिनाभर आधी, १८ ऑक्टोबरला, बर्नमध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध त्याने परत चार गोल मारले होते. यावेळी त्याचा संघ ५-३ ने जिंकला.

२२ नोव्हेंबर १९४२ नंतर जर्मनीचे आंतरराष्ट्रीय सामने बंद झाले, आणि पुन्हा सुरू व्हायला आठ वर्षं लागली. सव्वीसाव्या वर्षी त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली, दोन्हीकडची.

आई

याच काळात पाउलिनाला आउश्वित्झमध्ये टाकलं गेलं. गुन्हा काय, तर एका रशियन ज्यूशी असलेले संबंध. राष्ट्रीय संघात गोल मारणाऱ्याची आई, स्वतः जर्मन, त्याच राष्ट्राच्या छळछावणीत. तिला सोडवण्यासाठी शेवटी हेर्मान ग्राफचा वशिला कामी आला. ग्राफ लुफ्तवाफेचा, म्हणजे जर्मन हवाई दलाचा नावाजलेला वैमानिक, आणि फुटबॉलचा असा वेडा की लढाऊ पथकात फुटबॉल संघ बाळगून होता. ती जगली.

या घटनेचा उपयोग काहीजण त्याला निर्दोष ठरवण्यासाठी करतात. मला ते पटत नाही, कारण आईची सुटका हे १९४१ मध्ये जर्सी घालण्याचं कारण असू शकत नाही. मात्र नंतर ती जर्सी काढून ठेवणं किती शक्य होतं, याचा अंदाज त्यावरून येतो.

बाकीचे चार

त्याच्या एकट्याच्या वाट्याला एवढी मोठी शिक्षा का आली, हे बघायला स्ट्रासबर्गच्या पुढच्या फळीकडेच परत जावं लागतं. पिओंतेक जर्मन नावाच्या क्लबातून खेळला, पण युद्धानंतर सिलेसियातल्या होझुवमध्येच राहिला, आडनाव 'प्योंतेक' असं अस्सल पोलिश वळणाने लिहू लागला आणि पोलिश लीगमध्ये खेळला. (मिलानकडून खेळलेल्या हल्लीच्या स्ट्रायकरचंही हेच आडनाव. नातं काही नाही, पोलंडमध्ये हे आडनाव पैशाला पासरी.) वोदाशला जर्मन सैन्यात भरती केलं, पुढे तो पश्चिमेकडच्या पोलिश सैन्यात पोहोचला आणि नंतर रुखमध्ये परतला. प्येत्सही पोलंडमध्येच राहिला. शेर्फ्के तर जर्मन गणवेशातच होता, पण पोझ्नानमध्ये त्याने आपलं वजन वापरून वार्ता या आपल्या क्लबातल्या जुन्या सोबत्यांना मदत केली. युद्धानंतर तो जर्मनीत स्थायिक झाला, तरी त्याच्याबद्दल पोझ्नानमध्ये आजही लोक जपून बोलतात.

१९४५ नंतर पोलंडने तिसऱ्या-चौथ्या गटातल्या लाखो लोकांकडून निष्ठेची शपथ घेतली आणि त्यांना परत नागरिक करून घेतलं. दुसरा इलाज नव्हता, नाहीतर सिलेसियातल्या खाणी कुणी चालवल्या असत्या? म्हणजे यादीला माफी होती. गणवेशालाही होती. विलिमोव्स्कीला नव्हती, कारण त्याची गोष्ट लाखांत लपणारी नव्हती. ती वर्तमानपत्रात छापून आलेली होती, आठ वेळा, गोलांच्या मिनिटांसकट. आणि तो परत आला नाही. शपथ घ्यायला रांगेत उभा राहिला नाही. नव्या राजवटीने मग सोपं काम केलं, त्याचं नाव घेणंच टाळलं. स्ट्रासबर्गचा सामना सांगायचा आणि चार गोल कुणाचे ते घाईत उरकायचं, अशी कसरत पोलिश पुस्तकांना कितीतरी वर्षं करावी लागली.

तो पश्चिम जर्मनीत एका क्लबातून दुसऱ्या क्लबात फिरत राहिला, आउग्सबुर्ग, काइझरस्लाउटर्न आणि आणखी काही. चाळिशी उलटल्यावरही खेळत होता. १९५० मध्ये पश्चिम जर्मनीचे सामने पुन्हा सुरू झाले तेव्हा तो ३४ चा होता, पण हेर्बेर्गरने त्याला परत बोलावलं नाही. जर्मनीनेही त्याला फार काळ आपला म्हणून मिरवलं नाही. युद्धकाळातले गोल मिरवण्यासारखे नव्हतेच.

दुसऱ्या पावसात

पोलंडला पुन्हा विश्वचषकात यायला ३६ वर्षं लागली. १९७४, आणि यजमान पश्चिम जर्मनी. ३ जुलैला फ्रँकफुर्टमध्ये दोन्ही संघ समोरासमोर आले. जिंकेल तो अंतिम फेरीत, असा सामना. स्ट्रासबर्गसारखाच पाऊस, मैदानातलं पाणी काढायला अग्निशमन दलाचे पंप आणलेले. गेर्ड म्युलरच्या एका गोलाने जर्मनी जिंकला. पोलंड तिसरा आला, लातो सात गोलांसह स्पर्धेत पहिला. विलिमोव्स्की तेव्हा ५८ वर्षांचा होता. त्याचे दोन्ही देश त्याच्याशिवाय खेळत होते.

सिलेसियाचं म्हणाल तर गोष्ट त्याच्यानंतरही चालू राहिली. क्लोझ ओपोलेत जन्मला, पोडोल्स्की ग्लिवित्सेत. दोघेही लहानपणी आईबापांबरोबर जर्मनीत गेले, जर्मनीकडून खेळले, २०१४ ला विश्वविजेते झाले. क्लोझचे विश्वचषकातले १६ गोल हा विक्रम त्याने निवृत्तीपर्यंत मिरवला. ८ जून २००८ ला क्लागेनफुर्टमध्ये युरो स्पर्धेत पोडोल्स्कीने पोलंडवर दोन गोल मारले आणि दोन्ही वेळा हात वर केले नाहीत. मान खाली घालून उभा राहिला. तेव्हाही पोलंडमध्ये आरडाओरडा झाला, पण तो काही दिवसांचाच. २०२१ मध्ये पोडोल्स्की झाब्जेच्या गुर्निककडून खेळायला आला, विलिमोव्स्कीच्या गावापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या रस्त्यावर, आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. तोच प्रदेश, तीच दोन राष्ट्रं, जर्सीही तीच. फक्त मध्ये युद्ध नव्हतं. विलिमोव्स्की सत्तर वर्षं उशिरा जन्मला असता तर त्याचं 'प्रकरण' झालंच नसतं, असं मला वाटतं. फार तर एखादी मुलाखत झाली असती.

१९९५ मध्ये रुखला ७५ वर्षं झाली. राजवट बदलून सहा वर्षं झाली होती, आणि क्लबने त्याला आमंत्रण पाठवलं. बायको आजारी होती. तो गेला नाही. ३० ऑगस्ट १९९७ ला, ८१ व्या वर्षी, तो कार्ल्सरूहेमध्ये वारला. १९३९ च्या त्या एका दुपारचे दहा गोल पोलिश लीगमध्ये अजून कुणाला मागे टाकता आलेले नाहीत, आणि विक्रमांच्या यादीत ते एकाच 'एल'ने लिहिलेले आहेत.